समाजशास्त्राची पदवी : फी किती, खर्च किती

नमस्कार श्रोतेहो. समाजशास्त्र शिकवायला काय लागतं? वर्ग, शिक्षक आणि बऱ्यापैकी ग्रंथालय. प्रयोगशाळा नाही, रसायनं नाहीत, महागडी यंत्रं नाहीत. तरीही एकाच शहरातल्या दोन कॉलेजांत याच विषयाच्या बी.ए.ची फी कितीतरी पटींनी वेगळी असते. याचं कारण अभ्यासक्रमात शोधू नका. प्राध्यापकांचा पगार कोण देतं, ते विचारा. अनुदानित तुकडीत तो सरकार देतं, म्हणून फी आवाक्यात राहते. विनाअनुदानित तुकडीत तो मुलांच्या फीतूनच निघतो. आणि गंमत अशी, की दोन्ही तुकड्या पुष्कळदा एकाच इमारतीत भरतात. तेव्हा ‘कॉलेज अनुदानित आहे ना?’ एवढंच विचारून परत येऊ नका. आपल्याला जागा मिळतेय ती तुकडी अनुदानित आहे का, हे खिडकीवरच विचारून घ्या.

तिथेच फीचा तक्ताही मागा. शिक्षण शुल्क, प्रवेश शुल्क, ग्रंथालय, जिमखाना, परीक्षा, विकास निधी, ओळखपत्र आणि तळाशी अनामत. अनामतीची पावती जपून ठेवा. कॉलेज सोडताना ते पैसे परत मिळतात, पण मागायला जातो कोण!

खरा मोठा खर्च मात्र या तक्त्यात नसतोच. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात एम.ए.चं वर्षाचं शिक्षण शुल्क शेकड्यांत आहे. सीयूईटी-पीजी ही एम.ए.ची प्रवेश परीक्षा दिली, नंबर लागला, तर त्यापेक्षा स्वस्त काय? पण वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर दिल्लीतलं खोलीभाडं आणि जेवण या स्वस्ताईला गिळून टाकतं. पुण्या-मुंबईतही तेच. गावाजवळचं, थोडी जास्त फी घेणारं कॉलेज एकूण हिशेबात स्वस्त पडू शकतं. तालुक्याच्या ठिकाणी घरचा डबा आणि एसटीचा पास असतो, हे विसरून चालत नाही.

इथे सरकारी योजना कामाला येतात. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना सरकारी वसतिगृहात प्रवेश मिळाला नाही, तर स्वाधार योजनेतून पुणे, मुंबई, नागपूरसारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयं, इतर मागास प्रवर्गासाठी आधार योजना आहे. पैसे हाती यायला मात्र वेळ लागतो, आणि घरमालक तोवर थांबत नाही. पहिल्या दोन-तीन महिन्यांची सोय आधीच करून ठेवा.

‘कमवा आणि शिका’, म्हणजे काम करत शिकायची वाट, तर आपल्याच मातीतली. ती रुजवणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली ती १९१९ साली. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठात देशातला समाजशास्त्राचा पहिला विभाग स्कॉटिश समाजशास्त्रज्ञ पॅट्रिक गेडीस यांच्या हाताखाली सुरू झाला. एकीकडे समाजाचा अभ्यास, दुसरीकडे गरिबाच्या पोराला शाळेत पोचवणं. मला तरी या दोन कामांत दुसरं जास्त अवघड वाटतं.

नोकरी सोडता येत नसेल, तर इग्नूचं, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचं, समाजशास्त्रातलं एम.ए. घरी बसून करता येतं. तिथे पगार चालू राहतो, ही खरी बचत. मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची मानली जाते आणि तिच्यावर नेट, म्हणजे प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षाही देता येते. नेटमधून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची सरकारी शिष्यवृत्ती मिळाली, तर पीएच.डी.साठी महिना ३७,००० रुपये पाठ्यवृत्ती सुरू होते. ती सगळ्यांना मिळत नाही. तिच्या भरवशावर कर्ज मात्र काढू नका.

शेवटचं, कागदांचं. तहसील कार्यालयातून उत्पन्नाचा दाखला निकालाची वाट न पाहता आताच काढा. मुलाच्या किंवा मुलीच्या नावाचं बँक खातं आधारशी जोडा. महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलवरचा अर्ज भरला की कॉलेजनं तो पुढे पाठवला का, हे पंधरा दिवसांनी जाऊन विचारा.