सूत कातणारी बाई आणि आपलं समाजमंदिर

(गावच्या वाचनालयाच्या उन्हाळी व्याख्यानमालेत केलेलं भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवताना थोडं आवरलं आहे. विजेचा घोळ तेवढा तसाच ठेवला आहे.)

अध्यक्ष महाशय, सरपंचताई, वाचनालयाची पोरं आणि मंडळी,

पत्रिकेवर विषय छापला आहे, ‘मास्टर, साठे आणि भुता : एका आर्किटेक्ट फर्मची गोष्ट’. मघाशी चहाच्या टपरीवर एकानं विचारलं, “काकाजी, भुताच्या गोष्टी सांगता म्हने आज? पोट्टे आनू का?” म्हटलं, आण. म्हणून आज पुढची सतरंजी भरलेली दिसते आहे. पोरांनो, भुता हे आडनाव आहे. पण उठू नका. पुढे एका संडासाची गोष्ट आहे, त्यात हल्ली तबला राहतो. (हशा)

आधी माझ्याबद्दल. मी मुंबईत तीस वर्षं आर्किटेक्टच्या ऑफिसात काढली, म्हणून गावात सगळे मला आर्किटेक्ट म्हणतात. ते बंद करा. १९७२ चा कायदा आहे, नोंदणी नसलेल्यानं स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेणं गुन्हा आहे. मी ड्राफ्ट्समन. ड्राफ्ट्समन म्हणवून घ्यायला नोंदणी लागत नाही, चष्म्याच्या नंबरावरून ओळखू येतो.

तर आमचं ऑफिस फोर्टात होतं. दुपारी डबा खाल्ला की पाय मोकळे करायला निघायचो. पहिलं वर्षभर मान खालीच होती, गावाकडचा माणूस मुंबईत रस्ता बघून चालतो. एकदा कशानं तरी मान वर गेली आणि समोर भिंतीवर शेतकरी दिसला. दगडातला. कुंभार दिसला. आणि सूत कातणारी बाई. महात्मा गांधी रोडवरची न्यू इंडिया अॅश्युरन्सची इमारत ती, १९३६ ची. खालपासून वरपर्यंत उभ्या पट्ट्या गेलेल्या, नजर आपोआप वर ओढली जाते. शिल्पं ना. ग. पानसरे यांची आणि आर्किटेक्ट मास्टर, साठे आणि भुता. मी तिथं उभा राहिलो ते डब्याची सुट्टी संपून गेली. साहेबानं विचारलं, कुठं होतास? म्हटलं, गावाकडची माणसं भेटली होती.

आता माझं लाडकं म्हणणं सांगतो. घरात हे ऐकून सगळे कंटाळलेत, म्हणूनच मी वाचनालयाचं निमंत्रण इतक्या लगेच घेतलं. म्हणणं असं, की ती इमारत आपली आहे. सातबारा आपल्या नावावर नाही, मान्य. पण बघा. न्यू इंडिया कंपनी काढली सर दोराबजी टाटांनी, १९१९ मध्ये. दोराबजी हे जमशेटजींचे थोरले चिरंजीव. आणि जमशेटजींनी आपली मोठी गिरणी कुठं काढली? मुंबई सोडून नागपुरात. १ जानेवारी १८७७. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाली, म्हणून गिरणीचं नाव एम्प्रेस. मुंबईचे लोक हसले असतील. पण या माणसाचा हिशेब सरळ होता : कापूस इथला, कोळसा वरोऱ्याचा, रेल्वे १८६७ मध्येच नागपूरला पोचलेली, आणि कापड घेणारं गिऱ्हाईकही इथंच. कापूस मुंबईला न्यायचा आणि त्याचं कापड होऊन परत यायचं, हा दोन्हीकडचा हमालीचा खर्च त्यानं वाचवला. आपल्याला हे अजून जमलेलं नाही. आपण आजही गाडी भरून जिनिंगच्या फाटकासमोर रात्र काढतो.

जागा दलदलीची होती. ती भरायला पैसा हवा म्हणून नागपूरच्या एका मारवाडी सावकाराला विचारलं, तर तो म्हणाला, सोनं मातीत घालणाऱ्या माणसाला मी पैसे देणार नाही. पुढं गिरणी चालली तेव्हा त्याच सावकारानं कबूल केलं म्हणे, की टाटांनी सोनं मातीत घातलं नाही, माती घातली आणि सोनं काढलं. हा किस्सा मी सांगितला की आमच्या घरी मुलगा म्हणतो, बाबा, आपण पण दरवर्षी मातीतच घालतो. (हशा) हसू नका, त्याचं कर्ज अजून फिटायचं आहे.

सगळा पैसा कापसाचाच होता असं मी म्हणत नाही. टाटांचं पोलाद होतं, वीज होती. पण पहिली मूठ कुठली ते बघा. लिव्हरपूलच्या बाजारात ‘हिंगणघाट’ या नावानं कापूस ओळखला जायचा, मंडळी! आपण हिंगणघाटला सोयाबीनच्या भावावरून भांडायला जातो. आणि यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी शकुंतला रेल्वे कशासाठी टाकली होती? तुमच्या मामाच्या लग्नाला जायला नाही, कापसाच्या गाठी मुख्य लाइनला पोचवायला. शकुंतलेवर बोलू लागलो तर... बरं, नको. अध्यक्षांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलंच आहे.

आता तुम्ही विचाराल, फर्म म्हणजे नेमकं काय? पाटी, चार टेबलं आणि चहावाला. पण खरी फर्म नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात खाली असते. तिथं एक चौकट काढतात. कोणी काढला, कोणी तपासला, कोणी मंजूर केला, तारीख. माझी तीस वर्षं त्या चौकटीत दोन अक्षरांत मावतात. शेजारी उत्तरेचा बाण. आमचे साहेब म्हणायचे, भिंत चुकली तर खोडता येते, बाण चुकला तर सगळं घर चुकतं. हे लक्षात ठेवा, कारण आता आपण समाजमंदिराकडे वळतो आहोत. सरपंचताई, तुमच्या आधीची गोष्ट आहे, निवांत बसा.

मी निवृत्त होऊन गावी आलो त्याच वर्षी समाजमंदिर मंजूर झालं. मला हुरूप आला. आठ दिवस बसून फुकटात नकाशा काढला. दीड फुटी भिंती, वर कवेलू, पूर्वेला आणि उत्तरेला लांब छपरी, म्हणजे म्हाताऱ्यांना सकाळी ऊन आणि दुपारी सावली. पश्चिमेला नुसती भिंत. आपल्या आज्यांनी घरं बांधली त्यातलंच सगळं, माझं त्यात काही नव्हतं. पांढऱ्या मातीच्या भिंतीत मे महिन्यात दुपारी घोंगडी लागायची असं माझी आजी सांगायची. घोंगडी जास्त झाली, पण झोप लागायची हे खरं.

नकाशा घेऊन एका कार्यालयात गेलो. कोणतं ते सांगत नाही, तिथं अजून आपली कामं अडकलेली आहेत. तिथल्या भाऊंनी नकाशा उलगडला, चांगला पाच मिनिटं बघितला आणि म्हणाले, “काकाजी, लय मस्त हाये. पन याले मंजुरी कोन देईन? आपल्याकडं टाइप प्लॅन हाये.” टाइप प्लॅन म्हणजे एकच नकाशा, मेळघाटपासून सिरोंच्यापर्यंत. डोंगर असो, नदी असो, काळी जमीन असो. मी म्हटलं, बरं, निदान तो तरी दाखवा. त्यांनी एक झेरॉक्स काढली. झेरॉक्सची झेरॉक्स, तिची झेरॉक्स. माझी नजर सवयीनं उजव्या कोपऱ्यात गेली. चौकट होती. चौकटीत काही नव्हतं. कोणी काढला, रिकामं. कोणी तपासला, रिकामं.

आणि मग मला ते दिसलं. आमच्या काळी ट्रेसिंग पेपरवर नकाशा काढून अमोनियाच्या मशीनमधून प्रिंट काढायचे. कागद चुकून पालथा घातला की नकाशा आरशातला येतो, डाव्याचं उजवं. अक्षरं उलटी येतात म्हणून लगेच कळतं. इथं कधीतरी कोणीतरी पालथा प्रिंट काढला होता आणि उलटी अक्षरं खोडून कोणी मेहनती माणसानं सुलटी लिहिली होती. अगदी सुबक अक्षरात! पूर्वेच्या खिडक्या त्यामुळे पश्चिमेला गेल्या होत्या. बाण मात्र होता तसाच, वर तोंड करून, निरागस. मी सांगितलं, हा नकाशा पालथा आहे. भाऊ म्हणाले, “काकाजी, दहा गावात बांधून झाला हा. कोनी काही म्हटलं नाही.”

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, तुम्ही त्यात बसता. म्हणजे बसत नाही. म्हणून तर आज सभा कडुनिंबाखाली आहे. पश्चिमेला तीन मोठ्या खिडक्या, वर पाच इंची स्लॅब, छज्जा नावापुरता. दिवसभर स्लॅब तापते आणि रात्री नऊपर्यंत खाली उष्णता सोडत राहते. एका लग्नात नवरदेवाच्या बाशिंगाचा गोंद सुटला होता. संडास मागच्या बाजूला असायचा तो पालथेपणामुळे पुढं आला, थेट मारुतीच्या पारासमोर. उद्घाटनाच्या दिवशीच भजनी मंडळानं कुलूप लावलं. आता त्यात तबला, पेटी आणि दोन मृदंग असतात, गावातली सगळ्यात थंड खोली तीच. मिस्त्रीला मी नंतर विचारलं, बाबा, तुला तरी कळलं नाही? तो म्हणाला, “कळलं ना जी. पन मले सांगाचं तरी कोनाले? कागदावर नाव कोनाचंच नव्हतं.”

(इथे वीज गेली. पडद्यावर दाखवायचे फोटो हातोहात फिरवावे लागले.)

पोरांनो, बोटं पुसून धरा. अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे : दहा मिनिटं. भजनाची वेळ आहे आणि आर्वीची गाडीही सापडायला हवी. म्हणजे ज्यासाठी तुम्ही आलात ते आता पळत सांगतो.

मास्टर, साठे आणि भुता यांचं नाव झालं ते विमा कंपन्यांच्या इमारतींमुळे. १९३६ ला न्यू इंडिया, १९३८ ला फिरोजशहा मेहता रोडवर लक्ष्मी इन्शुरन्स. तिच्या घड्याळाच्या मनोऱ्यावर साक्षात लक्ष्मी उभी आहे. ती कंपनी लाहोरची, लाला लजपतराय तिच्याशी जोडलेले. विमाच का? देशी विमा कंपन्यांना विलायती कंपन्यांशी टक्कर घ्यायची होती. विमा म्हणजे कागद. कागदावर माणसानं विश्वास ठेवायचा तर इमारत भक्कम दिसली पाहिजे, आणि ती आपल्या माणसांची दिसली पाहिजे. म्हणून ग्रीक खांब गेले आणि कुंभार आला. हे फर्मचं काम : गिऱ्हाइकाच्या मनातलं ओळखून शिल्पकाराला बोलावणं, त्याच्यासाठी भिंतीत जागा ठेवणं.

दुसरं, सिमेंट. १९३६ मध्येच दहा सिमेंट कंपन्या एकत्र येऊन ए.सी.सी. झाली. काँक्रीट देशी झालं म्हणून उंच जाता आलं. आज आवारपूर, गडचांदूरचा चुनखडक त्याच धंद्यात जातो आणि आपण घरकुलाच्या सिमेंटसाठी दुकानात उधारी करतो. पुढे जातो.

तिसरं, यासाठी मी खरं तर आलो होतो. त्याच १९३६ च्या ३० एप्रिलला गांधीजी शेगावात आले, आपल्या वर्ध्याजवळच्या, ज्याचं पुढं सेवाग्राम झालं. झोपडीचा खर्च शंभर रुपयांच्या वर जाऊ नये असं त्यांनी जमनालालजी बजाजांना बजावलं होतं. माती, बांबू, कवेलू. त्यांची शिष्या मीराबेननं त्या काळात स्वतः राहायला बांधलेली कुटी हीच पुढं बापू कुटी झाली. तिच्या मातीच्या भिंतीवर मीराबेननं हातानं उठावचित्रं केली आहेत, ताडाची झाडं आणि चरखा. सहलीला गेला असाल तेव्हा बघितली असतील, नाहीतर चप्पल सांभाळत बसला असाल. म्हणजे एकाच सुमाराला फोर्टात दगडात सूत निघत होतं आणि सेवाग्रामात मातीत. तिकडे तीन भागीदारांची फर्म, इकडे फर्मच नाही. पण दोन्हीकडे भिंत कोणी केली ते आज ऐंशी-नव्वद वर्षांनी मी नावानिशी सांगू शकतो. आपलं समाजमंदिर कोणी काढलं, सांगा!

(मागून कोणीतरी : “तुमचं नाव टाका काकाजी!”) माझं नको, मी तर ओरडत होतो.

आर्किटेक्ट गावात का येत नाहीत हा प्रश्न उरला. फी टक्क्यांत असते. घरकुलाला मूळ अनुदान १ लाख २० हजार, किमान २५ चौरस मीटर. पाच टक्के धरले तरी सहा हजार होतात, त्यात तो नागपूरहून चार वेळा आला तर पेट्रोलातच संपतात. त्याला दोष देऊन उपयोग नाही. पण वीस घरकुलं एकत्र धरली तर जमतं. आपल्या गावात या वर्षी किती आहेत ते ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिलेलं आहे. ताई, पुढच्या ग्रामसभेत दोन मिनिटं मला द्या, दहा मागणार नाही. आणि नकाशाच्या कोपऱ्यात नाव असल्याशिवाय सही करू नका, मग ते नाव कोणाचंही असो.

फोटो परत द्या. पहिल्या रांगेतून लक्ष्मी आली, मनोरा आला, बापू कुटी आली. सूत कातणारी नाही आली. मावशींकडे आहे? काय म्हणता मावशी? मोठ्यानं सांगा, मागं ऐकू जाऊ द्या.

मावशी विचारतात, “इचे दंड पाहा जी, केवढे भरलेले. ही कापूस येचनारी नोहे. इले रोजी किती देत होते?”

पानसऱ्यांच्या वतीनं मला उत्तर देता येत नाही, मावशी. फोटो तुमच्याकडेच ठेवा. पोरांनो, तबला काढा बाहेर.