मूतखडा: कळ थांबली म्हणजे खडा पडला असं नाही

[दृश्य: रेखाचित्र. दोन मूत्रपिंडं, खाली उतरणाऱ्या दोन मूत्रवाहिन्या, मूत्राशय.]

पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला आपली मूत्रपिंडं असतात. तिथे तयार झालेली लघवी दोन बारीक नळ्यांमधून मूत्राशयात उतरते. या नळीला मूत्रवाहिनी म्हणतात. तिची लांबी 25 ते 30 सेंटीमीटर, आणि आतली वाट जेमतेम 3 ते 4 मिलिमीटर. मूतखड्याचा बहुतेक त्रास या अरुंद वाटेत होतो.

लघवीत कॅल्शियम, ऑक्झलेट, फॉस्फेट आणि युरिक आम्ल विरघळलेलं असतं. पाणी कमी पडलं किंवा यातलं काही प्रमाणाबाहेर वाढलं, की त्यांचे स्फटिक धरू लागतात. लघवीतलं सायट्रेट आणि मॅग्नेशियम हे स्फटिक एकमेकांना चिकटू देत नाहीत. ते अपुरं पडलं की खड्याला सुरुवात होते. अमेरिकी मूत्ररोगतज्ज्ञ अलेक्झांडर रँडल यांनी 1937 मध्ये दाखवून दिलं, की मूत्रपिंडात लघवी जिथून झिरपते त्या टोकांवर कॅल्शियमचे पांढुरके चट्टे असतात आणि खडा त्यांना धरून वाढतो. असा चिकटलेला खडा वर्षानुवर्षं एका शब्दानेही आपली जाणीव करून देत नाही.

सगळे खडे एका जातीचे नसतात. दहापैकी आठ कॅल्शियमचे असतात, त्यातही कॅल्शियम ऑक्झलेटचे जास्त. लघवी सतत आम्लधर्मी राहिली तर युरिक आम्लाचे खडे होतात. मधुमेह, लठ्ठपणा आणि गाऊट (युरिक आम्ल साचून होणारी सांधेदुखी) असणाऱ्यांमध्ये ते अधिक दिसतात. काही जिवाणू लघवीतला युरिया फोडून ती अल्कधर्मी करतात. त्यातून होणारा जंतुसंसर्गाचा खडा झपाट्याने वाढतो आणि मूत्रपिंडाची अख्खी पोकळी भरून टाकतो. सिस्टिन या अमिनो आम्लाचा खडा क्वचित आढळतो. तो आनुवंशिक दोषामुळे होतो आणि पुन्हा पुन्हा होतो.

[दृश्य: खडा मूत्रपिंडातून सुटून मूत्रवाहिनीच्या तोंडाशी येतो. वरची पोकळी फुगू लागते.]

खडा टोकदार असतो, आतून ओरबाडतो, म्हणून इतकं दुखतं, असं बहुतेकांना वाटतं. खरं कारण अडथळ्यात आहे. लघवी वर तुंबते, मूत्रपिंडातला दाब वाढतो आणि त्याचं आवरण ताणलं जातं. या ताणामुळे प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात. ती मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा वाढवतात, त्यामुळे लघवी आणखी तयार होते आणि दाब आणखी चढतो. शिवाय मूत्रवाहिनीचे स्नायू खड्याभोवती आवळतात.

ही कळ कुशीतून निघून पुढे जांघेकडे उतरते. लाटेसारखी चढते, उतरते. आतडं फुटलेला किंवा पोटात संसर्ग पसरलेला रुग्ण हालचाल टाळून निपचित पडून राहतो. मूतखड्याचा रुग्ण मात्र एका जागी थांबू शकत नाही. उठतो, बसतो, येरझाऱ्या घालतो. सोबत मळमळ आणि उलटी असते, कारण मूत्रपिंड आणि जठर यांच्या नसांचं मूळ जवळपास एकच आहे. खडा मूत्राशयाच्या तोंडाशी पोहोचला की सारखी लघवीला लागते, पण थोडीच होते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कळ थांबली म्हणजे खडा पडला, असं धरून चालू नका. खडा पडल्यावर कळ थांबते, हे खरं. पण खडा जागचा थोडा सरकला, बाजूने लघवीला वाट मिळाली, तरीही कळ थांबते. आणि नळी पूर्ण बंद राहिली तर काही काळाने मूत्रपिंड लघवी कमी तयार करू लागतं, दाब उतरतो आणि दुखणं ओसरतं. रुग्ण निश्चिंत होतो, पण तिकडे मूत्रपिंड निकामी होत असतं. पूर्ण अडथळा दोन आठवड्यांपलीकडे टिकला तर नुकसान कायमचं राहण्याचा धोका वाढत जातो. म्हणून खडा पडताना डोळ्यांनी दिसला नसेल, तर दुखत नसलं तरी पुन्हा तपासणी करायचीच.

[दृश्य: सोनोग्राफीचा पडदा. त्यानंतर सीटी स्कॅनची चित्रं.]

तपासणीची सुरुवात लघवीपासून होते. तिच्यात तांबड्या पेशी दिसल्या तर खड्याचा संशय बळावतो, मात्र काही रुग्णांमध्ये खडा असूनही त्या दिसत नाहीत. पांढऱ्या पेशी असतील तर जंतुसंसर्गाचा विचार करून कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी, करावं लागतं. रक्तात क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम किती नीट चाललंय ते सांगणारा घटक), कॅल्शियम, युरिक आम्ल आणि पांढऱ्या पेशींची संख्या पाहतात.

सोनोग्राफीत किरणोत्सर्ग नसतो, त्यामुळे गर्भवती आणि लहान मुलांसाठी हीच पहिली तपासणी. मूत्रपिंडातले खडे आणि किडनीला आलेली सूज ती चांगली दाखवते. ही सूज म्हणजे तुंबलेल्या लघवीने ताणलेली पोकळी; तिचा अर्थ जंतुसंसर्ग झाला आहे असा होत नाही. सोनोग्राफीच्या दोन उणिवा ठाऊक असायला हव्यात. मूत्रवाहिनीचा मधला भाग आतड्यातल्या हवेमागे लपतो, तिथला खडा निसटू शकतो. आणि लहान खड्याचं माप ती अनेकदा वाढवून सांगते. अहवालात 6 मिलिमीटर लिहिलेला खडा प्रत्यक्षात 4 मिलिमीटरचा निघू शकतो. नुसत्या त्या आकड्यावर शस्त्रक्रियेचा निर्णय घेणं बरोबर नाही.

साध्या एक्स-रेत कॅल्शियमचा खडा दिसतो, युरिक आम्लाचा दिसत नाही. शंका उरत नाही ती कॉन्ट्रास्टचं, म्हणजे चित्र ठळक करणाऱ्या द्रव्याचं, इंजेक्शन न देता केलेल्या सीटी स्कॅनमध्ये. जवळजवळ प्रत्येक खडा, त्याची नेमकी जागा आणि आकार त्यात कळतो. घनताही मोजता येते, हाउन्सफिल्ड एककात. हा आकडा 500 च्या खाली असेल तर खडा युरिक आम्लाचा असण्याची शक्यता वाढते. 1000 च्या वर असेल तर खडा कठीण, बाहेरून सोडलेल्या आघातलहरींनी सहज न फुटणारा. कमी मात्रेच्या किरणांचा स्कॅन बहुतेकांना पुरतो, त्याबद्दल आवर्जून विचारावं.

मूत्रवाहिनीतला 5 मिलिमीटरपेक्षा लहान खडा साधारण तीनातल्या दोघांचा आपोआप पडतो. 5 ते 10 मिलिमीटरच्या खड्यांत हे प्रमाण जेमतेम निम्म्यावर येतं. ताप नसेल, मूत्रपिंडाचं काम नीट असेल आणि दुखणं गोळ्यांनी आटोक्यात राहत असेल, तर चार ते सहा आठवडे वाट पाहता येते. त्या काळात लघवी गाळून खडा जपून ठेवायचा.

कळ आल्यावर डायक्लोफेनॅकसारखं वेदनाशामक औषध सहसा पहिलं दिलं जातं, कारण ते प्रोस्टाग्लँडिनवरच घाव घालतं. मूत्रपिंडाचं काम आधीच मंदावलेलं असेल, जठरात व्रण असेल किंवा गर्भारपण असेल, तर मात्र ते टाळावं लागतं. टॅमसुलोसिन या स्नायू सैल करणाऱ्या औषधाची 0.4 मिलिग्रॅमची रोजची मात्रा मूत्रवाहिनीचा खालचा भाग सैल करते. 5 मिलिमीटरपेक्षा मोठ्या, खाली उतरलेल्या खड्याला तिचा उपयोग होतो. त्याहून लहान खड्याला फारसा नाही. ती घेताना एकदम उठल्यास चक्कर येऊ शकते. आणि कळ चालू असताना तांब्यावर तांब्या पाणी पिऊन खडा ढकलला जात नाही. वाट बंद असताना वरून लघवी वाढवली तर दाबच वाढतो. तहान भागेल इतकं पाणी पुरे.

[दृश्य: थर्मामीटर. रुग्णालयाचा अपघात विभाग.]

एका परिस्थितीत मात्र एक रात्रही थांबायचं नाही. अडकलेला खडा आणि थंडी वाजून येणारा ताप. तुंबलेल्या लघवीत जंतू वाढले की ते दाबामुळे थेट रक्तात शिरतात, आणि काही तासांत रक्तदाब कोसळू शकतो. नुसती प्रतिजैविकं इथे पुरत नाहीत, आधी वाट मोकळी करावी लागते: आतून स्टेंट, म्हणजे मूत्रवाहिनी उघडी ठेवणारी बारीक नळी, घालून, किंवा पाठीतून मूत्रपिंडात नळी टाकून. खडा त्या वेळी काढत नाहीत, संसर्ग निवल्यावर काढतात. लघवी पूर्ण बंद होणं, एकच मूत्रपिंड असताना कळ येणं, पाणीही टिकू न देणाऱ्या उलट्या होणं, यांतल्या कोणत्याही वेळी लगेच रुग्णालय गाठावं.

[दृश्य: शस्त्रक्रियागृह. पडद्यावर दुर्बिणीतून दिसणारा खडा आणि लेझरचा ठिपका.]

खडा काढण्याच्या आज तीन मुख्य पद्धती आहेत. शरीराबाहेरून आघातलहरी सोडून खडा फोडण्याचा प्रयोग माणसावर पहिल्यांदा झाला 1980 मध्ये, म्युनिकला, क्रिस्तियान शॉसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हातून. तेव्हा रुग्णाला पाण्याच्या टबात बसवत; आता जेल लावलेली उशी पुरते. एका बैठकीत दोन ते तीन हजार आघात दिले जातात. ते घाईने दिले तर खडा नीट फुटत नाही. 2 सेंटीमीटरपर्यंतच्या, फार कठीण नसलेल्या खड्याला हे चालतं. मूत्रपिंडाच्या खालच्या कप्प्यातले तुकडे मात्र फुटूनही तिथेच पडून राहतात. कधी सगळा चुरा एकदम उतरून मूत्रवाहिनीत रांग लावतो आणि नळी पुन्हा बंद होते. गर्भवतींना, रक्त पातळ करणारी औषधं चालू असणाऱ्यांना आणि संसर्ग असताना हा उपचार देत नाहीत.

दुसरी पद्धत दुर्बिणीची. लघवीच्याच मार्गाने बारीक दुर्बीण वर नेतात आणि होल्मियम किंवा थुलियम लेझरने खडा फोडतात. कुठेही चिरा नाही. वळणारी दुर्बीण मूत्रपिंडाच्या कप्प्यांपर्यंत पोहोचते. मूत्रवाहिनी अरुंद असेल तर जोर लावणं धोक्याचं, नळी फाटू शकते. अशा वेळी शल्यविशारद स्टेंट घालून एक-दोन आठवडे थांबतात. त्याला अपयश समजू नये.

2 सेंटीमीटरपेक्षा मोठ्या खड्यासाठी पाठीतून, साधारण 1 सेंटीमीटरच्या छेदातून थेट मूत्रपिंडात वाट करतात. ही पद्धत 1976 मध्ये स्वीडनमध्ये सुरू झाली. मोठा खडा एका बैठकीत साफ करण्यात तिला तोड नाही, पण रक्तस्राव आणि संसर्गाचा धोकाही तिच्यातच जास्त.

शस्त्रक्रियेनंतर अनेकदा आत डीजे स्टेंट ठेवतात, दोन्ही टोकांना वेटोळं असलेली मऊ नळी. ती असताना वारंवार लघवीला लागते, चालल्यावर लघवी लालसर होते, लघवी करताना कुशीत दुखतं. हे अपेक्षित आहे. स्टेंट काढायचा विसरणं मात्र महागात पडतं. त्याच्यावर क्षार साचतात, काही महिन्यांत तो दगडासारखा होतो आणि काढायला वेगळ्या शस्त्रक्रिया लागतात. घरी जाण्याआधी स्टेंट काढण्याची तारीख लिहून घ्या आणि ती घरातल्या आणखी एकाला सांगून ठेवा.

[दृश्य: प्रयोगशाळेतल्या छोट्या डबीत खड्याचे तुकडे.]

काढलेला किंवा पडलेला खडा फेकू नये. अवरक्त किरणांच्या तपासणीत तो नेमका कशाचा आहे ते कळतं, आणि पुढचं सगळं त्यावर ठरतं. युरिक आम्लाचा असेल तर पोटॅशियम सायट्रेटने लघवीचा पीएच (आम्लता मोजण्याचा आकडा; तो जितका कमी तितकी आम्लता जास्त) 6.5 ते 7 दरम्यान ठेवून तो शस्त्रक्रियेशिवाय विरघळवता येतो. हे औषध मनाने घेऊ नये. पीएच 7 च्या फार वर गेला तर कॅल्शियम फॉस्फेटचे खडे धरतात आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर रक्तातलं पोटॅशियम धोकादायक वाढतं.

कॅल्शियमचा खडा झाला म्हणून दूध बंद करणं ही फार पसरलेली चूक आहे. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून शौचावाटे बाहेर नेतं. कॅल्शियम तोडलं की मोकळं ऑक्झलेट रक्तात आणि तिथून लघवीत उतरतं. इटलीत लघवीवाटे जास्त कॅल्शियम जाणाऱ्या पुरुषांवर झालेल्या, 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाच वर्षांच्या अभ्यासात, नेहमीइतकं कॅल्शियम पण कमी मीठ आणि कमी मांस घेणाऱ्यांमध्ये खडे पुन्हा होण्याचं प्रमाण कॅल्शियम तोडणाऱ्यांच्या जवळपास निम्मं राहिलं. कॅल्शियमची गोळी चालू असेल तर ती जेवणासोबत घ्यावी. मीठ वाढलं की लघवीतलं कॅल्शियम वाढतं, म्हणून दिवसाचं एकूण मीठ 5 ग्रॅमच्या आसपास राहावं. पालक, बदाम आणि चॉकलेटमध्ये ऑक्झलेट भरपूर असतं. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्यांचंही शरीरात ऑक्झलेटच होतं.

पाणी किती प्यायचं, याचं माप ग्लासात नाही, लघवीत आहे. दिवसाकाठी अडीच लिटर लघवी व्हायला हवी. उन्हात घाम गाळणाऱ्याला त्यासाठी कितीतरी जास्त पाणी लागेल. एक दिवस मापाच्या भांड्यात लघवी मोजून पाहिली की आपला नेमका आकडा कळतो. झोपण्याआधी एक पेला घ्यायला विसरू नये, कारण लघवी सर्वांत दाट होते ती रात्री.