खासदारांचा पगार ठरवायचा कोणी?

२४ मार्च २०२५, सोमवार. दिल्लीत बजेट अधिवेशन चालू होतं आणि त्याच दिवशी केंद्र सरकारचं एक नोटिफिकेशन आलं. खासदारांचा पगार महिना १ लाखावरून १ लाख २४ हजार, आणि तोही १ एप्रिल २०२३ पासून, म्हणजे मागच्या जवळजवळ दोन वर्षांच्या एरियर्ससकट. चर्चा नाही, मतदान नाही, गोंधळ नाही. कायद्याने त्याची गरजच उरलेली नव्हती.

आपल्याकडे हा विषय निघाला की व्हॉट्सॅपवरचा तो जुना मेसेज हमखास येतो, खासदारांना टॅक्स नाही, कॅन्टीनमध्ये जेवण कवडीमोल वगैरे. तर टॅक्स पगारावर लागतो, माफ आहेत ते काही भत्ते, जसा रोजचा हजेरी भत्ता, सध्या २,५०० रुपये, आणि मतदारसंघ भत्ता. कॅन्टीनची सबसिडी २०२१ च्या जानेवारीतच बंद झाली. हां, दिल्लीत घर, वर्षाला ५० हजार युनिट वीज, ३४ विमानप्रवास, रेल्वेचा फर्स्ट क्लास, हे मात्र सगळं खरंय.

आता मूळ भानगड. घटनेचं कलम १०६ सांगतं की खासदारांचा पगार संसदेने कायदा करून ठरवायचा. म्हणजे घेणारा पण तोच आणि देणारा पण तोच. १९५४ ला कायदा झाला तेव्हा पगार होता महिना ४०० रुपये, आणि अधिवेशनाला हजर राहिलं तर दिवसाचे २१. पुढे १९८५ ला १ हजार, १९९८ ला ४ हजार, २००१ ला एकदम १२ हजार, २००६ ला १६ हजार, आणि प्रत्येक वेळी तोच सीन, एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष या एका विधेयकावर गुण्यागोविंदाने एकत्र.

सगळ्यात मोठा तमाशा झाला २०१० ला. संसदीय समितीने आकडा सुचवला होता ८०,००१. हा वरचा एक रुपया कशाला? तर केंद्र सरकारच्या सेक्रेटरीला ८० हजार मिळायचे आणि खासदार सेक्रेटरीच्या वर असतो हे दिसायला पाहिजे म्हणून! मंत्रिमंडळाने ५० हजार मंजूर केले तर लालूप्रसाद, मुलायमसिंह खवळले, लोकसभा तहकूब झाली तरी खासदार आतच बसून राहिले आणि त्यांनी चक्क खोटी खोटी संसद भरवली, लालू पंतप्रधान आणि आपले गोपीनाथ मुंडे सभापती. शेवटी पगार ५० हजारच राहिला, पण भत्ते १० हजारांनी वाढवून घेतलेच. डाव्यांनी तेवढा विरोध केला.

हे दरवेळचं हसं थांबावं म्हणून २०१८ ला अरुण जेटलींनी बजेटमध्ये नवी सोय आणली. पगार १ लाख करायचा आणि दर पाच वर्षांनी महागाईच्या इंडेक्सप्रमाणे तो आपोआप वाढवायचा. इन्कम टॅक्समध्ये वापरतात तोच इंडेक्स, २०१८-१९ ला तो २८० होता, २०२३-२४ ला ३४८, भागाकार करून बघा, २४ टक्क्यांच्या आसपास येतात. हिशोबात खोट काही नाही. पण मला विचाराल तर यात गोंधळासोबत प्रश्न विचारायची जागा पण गेली, २०१० ला निदान लोकांसमोर भांडण तरी झालं होतं.

आणि १ लाख २४ हजार खरंच जास्त आहेत का? पाच वर्षांचे होतात ७४ लाख ४० हजार. महाराष्ट्रात लोकसभेला एका उमेदवाराची खर्चाची अधिकृत मर्यादाच ९५ लाख आहे, म्हणजे अख्खी टर्म एक पैसा खर्च न करता पगार साठवला तरी कागदावरची निवडणूकसुद्धा निघत नाही, आणि कागदाबाहेरचं तर तुम्हाला माहितीच आहे. २०२४ ला निवडून आलेल्या ५४३ पैकी ५०४ जण करोडपती आहेत, त्यांच्याच प्रतिज्ञापत्रांप्रमाणे. ब्रिटनमध्ये १९११ ला खासदारांना पगार सुरू झाला तो कामगाराच्या पोरालाही संसदेत बसणं परवडावं म्हणून. आपल्याकडे पगार आहे, पण दारातूनच आत येता येत नाही.

मला तर ऑफिसच्या भत्त्यात जास्त इंटरेस्ट आहे. ७५ हजार महिना, त्यातले ५० हजार कॉम्प्युटर येणाऱ्या माणसासाठी. महाराष्ट्रात एका लोकसभा खासदाराखाली सहा विधानसभा मतदारसंघ येतात. रेल्वे कोट्याची पत्रं, दवाखान्याची पत्रं, दहाव्या-तेराव्याच्या हजेऱ्या, फोन, आणि याच माणसाने मधूनच दीडशे पानांचं विधेयक पण वाचून द्यायचं? इथे पैसे वाढवा, मी टाळ्या वाजवीन.

पेन्शनवर मात्र नाही. एकदा खासदार झालात, कितीही काळ असो, महिना ३१ हजार, आणि पाच वर्षांच्या वर प्रत्येक वर्षाला अडीच हजार जादा. आमदारकीची पेन्शन असेल तर ती वेगळी. इकडे २०२३ च्या मार्चमध्ये महाराष्ट्रातले कर्मचारी ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत संपावर गेले तेव्हा तिजोरीवरच्या बोज्याचं गणित त्यांना कोणी ऐकवलं, तर याच पेन्शनवाल्यांनी. पंजाबने २०२२ ला आमदारांसाठी, कितीही वेळा निवडून आले तरी, एकच पेन्शन केली, म्हणजे करता येतं.

ब्रिटनमध्ये खर्चाचा घोटाळा गाजल्यावर पगार ठरवायचं काम बाहेरच्या स्वतंत्र संस्थेकडे गेलं. अमेरिकेत १७८९ ला मांडलेली घटनादुरुस्ती १९९२ ला मंजूर झाली, त्यानुसार वाढ मधली निवडणूक झाल्यावरच लागू होते. तिकडे उलटा त्रास, मतदार चिडतील म्हणून २००९ पासून आकडा वर्षाला १ लाख ७४ हजार डॉलरवरच अडकलाय.

आपली पुढची वाढ १ एप्रिल २०२८ ला. इंडेक्स लावा, काही हरकत नाही, पण त्याआधी सभागृहात एक अर्धा दिवस तरी यावर बोला, पेन्शनसकट, आणि कॅमेरे चालू ठेवून.