दिलं, त्याचं काय मिळालं?

(दृश्य : देवळाचा सभामंडप, छताला पंखा. पात्यावर रंगवलेलं देणगीदाराचं नाव.)

आपल्याकडे देवळाला पंखा दिला, तरी पात्यावर नाव येतं. विकिपीडियाला दीडशे रुपये देणाऱ्याचं नाव कुठल्याच लेखावर येत नाही. आभाराचा ईमेल येतो, पावती मिळते, संपलं.

आणि ते तसंच असायला हवं.

(दृश्य : मराठी विकिपीडियाचं एक पान.)

विकिपीडिया २००१ साली सुरू झाला. पुढच्याच वर्षी जाहिराती येणार, अशी कुणकुण लागली आणि स्पॅनिश विकिपीडियावर लिहिणाऱ्यांचा एक मोठा गट चक्क वेगळा झाला. स्वतःचा ज्ञानकोश काढून बसला. जाहिराती आल्याच नाहीत. मग खर्च भागवायचा कोणी? वाचकांनी. १ मे २००३ पासून सुरू असलेला मराठी विकिपीडियाही याच पैशावर उभा आहे.

आता समजा, एखाद्या उद्योगपतीनं घसघशीत रक्कम दिली. त्याच्या पानावरचा अडचणीचा परिच्छेद म्हणून निघत नाही. वरच्या ‘इतिहास पहा’वर टिचकी मारा : कोणी, कधी, कोणता शब्द बदलला, सगळं तिथे दिसतं. पैसे घेऊन लिहिणाऱ्याला तसं उघड सांगावं लागतं; २०१४ पासून तो नियमच आहे.

रात्री जेवणं आटोपल्यावर कोणीतरी एखाद्या किल्ल्याच्या पानावर ‘संदर्भ हवा’ अशी खूण करतं, दुसरं कोणी पुस्तक धुंडाळून तो संदर्भ जोडतं. यांना छदामही मिळत नाही. पैसेवाल्याचा शब्द इथे चालू लागला, तर ही माणसं का थांबतील?

पण देणगीदारानं काहीच मागू नये, हे मला मान्य नाही. खरं बोलणं तरी मागावंच. २०२२ साली इंग्रजी विकिपीडियाच्या संपादकांनीच देणगीच्या आवाहनावर आक्षेप घेतला. वाचणाऱ्याला वाटावं, आता हे बंद पडणार. प्रत्यक्षात विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशन या संस्थेकडे चांगली गंगाजळी होती. चर्चा झाली, कौल विरोधात गेला, मजकूर बदलावा लागला. फुकट राबणारी माणसं पैसे देणाऱ्यांच्या बाजूनं उभी राहिली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

विकिमीडिया फाउंडेशन दरवर्षी तपासलेले हिशेब प्रसिद्ध करतं. त्यात मोठा वाटा पगारांचा, सर्व्हरचा त्यामानानं लहान. देणाऱ्यांनी ते जरूर उघडावेत, आणि मराठीसाठी यातून काय झालं, हेही विचारावं.