डॉक्टरांनी सांगितलं, म्हणून कोर्ट मानतं का?

नमस्कार मंडळी! इथे इंदूरला एमवाय हॉस्पिटलच्या आवारात पीएमसाठी, म्हणजे शवविच्छेदनासाठी, थांबलेल्या कितीतरी नातेवाइकांना वाटतं, रिपोर्ट हाती आला की केस पक्की. तसं नाही हो.

बचाव पक्षाला मान्य नसेल, तर नुसता रिपोर्ट पुरावा म्हणून पुरत नाही. डॉक्टरांना पिंजऱ्यात उभं राहून शपथेवर सांगावं लागतं, उलटतपासणी द्यावी लागते. त्यांची बदली झाली असेल किंवा ते निवृत्त झाले असतील, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी खटले कसे चालवायचे, तो कायदा) कलम ३३६ खाली त्यांच्या जागी आलेले अधिकारी साक्ष देतात.

तज्ज्ञाचं मत पूर्वी १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ४५ मध्ये होतं. १ जुलै २०२४ पासून ते त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ मध्ये आलं. पण मत ग्राह्य आहे म्हणजे कोर्ट ते ऐकून घेईल. पटवून द्यायचं काम उरतंच.

समजा, मारामारीत एकाच्या डोक्यात काठी बसली. साक्षीदार काठीच सांगतोय, आणि रिपोर्टात जखमेच्या कडा सरळ लिहिल्यात. बचावाचे वकील उठणारच: "सरळ कडा म्हणजे धारदार हत्यार, साक्षीदार खोटा!"

आता ऐका. डोक्याची कातडी कवटीवर ताणलेली असते, त्यामुळे काठीनेही ती चिरल्यासारखी फाटते. भिंगाखाली मात्र कडा ठेचलेल्या दिसतात, केसांची मुळं चिरडलेली असतात, जखमेत एका कडेपासून दुसरीपर्यंत जाणारे ऊतींचे आडवे धागे शाबूत असतात. हे डॉक्टरांनी पाहून नोंदवलं असेल, तर न्यायाधीश स्वतः ताडून बघू शकतात. "माझ्या मते काठीच," एवढ्यावर कुणाला जन्मठेप द्यायची? मला तरी ते भयंकर वाटतं. सुप्रीम कोर्टानेही १९९९ मध्ये जय लाल खटल्यात हेच सांगितलं: तज्ज्ञाने निष्कर्ष तपासायची साधनं द्यावीत, निर्णय न्यायाधीशांचा.

आणि प्रत्यक्षदर्शी एक सांगतोय, डॉक्टर दुसरंच? १९८३ च्या गुजरातमधल्या सोलंकी खटल्यापासूनचा नियम असा, की साक्षीदार सांगतो तशी जखम होणं शक्यच नाही, इतकं डॉक्टरांच्या साक्षीतून ठाम निघालं, तरच साक्षीदाराला त्या कारणावरून बाजूला सारायचं. "पडूनही लागू शकतं का?" यावर डॉक्टर "शक्य आहे" म्हणाले, म्हणून केस पडत नाही.

तुमच्या घरच्या कुणाची केस चालू असेल, तर डॉक्टरांच्या साक्षीआधी सरकारी वकिलांना एक नक्की विचारा: जप्त केलेली काठी त्या दिवशी कोर्टात आणून, हिने अशी जखम होऊ शकते का हे विचारायला, डॉक्टरांना दाखवणार आहात ना?