एक्केचाळीस टक्के, आणि तरीही विरोधी बाक

(एका व्याख्यानमालेत फेब्रुवारी 2026च्या पहिल्या आठवड्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, सुरुवात एका मतपत्रिकेपासून करतो. ओटावा शहराच्या दक्षिणेला मॅनोटिक नावाचं गाव आहे. नदीकाठचं, टुमदार, आता शहरातच जमा झालेलं. तिथं आमच्या ओळखीच्या एक मराठी बाई राहतात. 28 एप्रिल 2025ला त्या मतदानाला गेल्या, तर हातात जवळजवळ मीटरभर लांबीचा कागद आला. उमेदवार 91! निवडणूक पद्धतीचा निषेध म्हणून एका गटानं मुद्दाम उभे केलेले. बाई म्हणाल्या, "अहो, लग्नाच्या यादीचा कागदसुद्धा एवढा लांब नव्हता आमच्या. नाव सापडेना, सापडलं तर घडी पडेना."

हा कार्लटन मतदारसंघ. तिथले खासदार पिएर पॉलिएव्ह. हे नाव आपल्या वर्तमानपत्रांत निरनिराळ्या प्रकारे छापून येतं. फ्रेंच आडनाव, लिहायचं एक आणि म्हणायचं दुसरं, त्यामुळे दोष कुणालाच नको. तर हे पॉलिएव्ह 2004 साली, वयाच्या पंचविशीत खासदार झाले आणि तेव्हापासून एकदाही हरले नव्हते. कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे नेते, लोकसभेतले, म्हणजे तिथल्या हाउस ऑफ कॉमन्समधले, विरोधी पक्षनेते. निवडणुकीच्या तीन-चार महिने आधी अनेक चाचण्यांत वीस टक्क्यांहून जास्त आघाडी. पंतप्रधानपदाची शपथ तेवढी बाकी, असं लोक बोलायचे. आणि त्या रात्री स्वतःच्या मतदारसंघात ते चार हजारांहून जास्त मतांनी पडले. ब्रूस फॅनजॉय नावाच्या, तोवर कुणाला फारसं ठाऊक नसलेल्या, सत्ताधारी लिबरल पक्षाच्या उमेदवाराकडून. हा गृहस्थ जवळजवळ दोन वर्षं घरोघरी दारं ठोठावत हिंडत होता.

आता हरलेल्या नेत्याला नावं ठेवणं सोपं असतं. पण त्याच निवडणुकीत पॉलिएव्ह यांच्या पक्षाला 41.3 टक्के मतं पडली. 1988 साली उजव्या पक्षाचे पंतप्रधान ब्रायन मलरूनी यांना 43 टक्के मिळाली होती. त्यानंतर कॅनडातल्या कुठल्याही उजव्या पक्षाला एवढी मतं मिळालेली नाहीत. 2011 साली कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्याच स्टीफन हार्पर यांनी 39.6 टक्क्यांत 308 पैकी 166 जागा जिंकून स्पष्ट बहुमताचं सरकार बनवलं. त्यांच्यापेक्षा जास्त मतं मिळवून पॉलिएव्ह यांना 343 पैकी 144 जागा आणि विरोधी बाक. मग बिघडलं कुठं?

आपल्याकडे म्हणतात, दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ. कॅनडात ही म्हण उलटी वाचावी लागते. तिथं तिसरा धडधाकट असेल तर लाभ कॉन्झर्व्हेटिव्हांचा. तिसरा आजारी पडला की कॉन्झर्व्हेटिव्ह नेत्यानं कितीही घाम गाळावा, गाडी बहुमताच्या अलीकडेच थांबते.

हा तिसरा म्हणजे न्यू डेमोक्रॅटिक पार्टी. डावीकडे झुकलेला, कामगार संघटनांशी जुनं नातं असलेला पक्ष. 2011 साली जॅक लेटन त्यांचे नेते होते. कमरेचं ऑपरेशन झालेलं, हातात काठी, आणि त्या काठीनिशी ते देशभर फिरले. पक्षाला 30.6 टक्के मतं आणि 103 जागा मिळाल्या, इतिहासात पहिल्यांदाच प्रमुख विरोधी पक्षाचा मान मिळाला. लिबरल 34 जागांवर आले आणि त्यांचे नेते मायकेल इग्नाटिएफ स्वतःच्याच मतदारसंघात पडले. डावीकडची मतं दोन ताटांत वाटली गेली आणि हार्पर मधून निघून गेले. लेटन बिचारे त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कर्करोगानं वारले.

आता 2025. त्याच पक्षाला 6.3 टक्के मतं आणि 7 जागा. संसदेत अधिकृत पक्ष म्हणून मान्यता मिळायला 12 लागतात. नेते जगमीत सिंग स्वतःच्या बर्नबीतल्या मतदारसंघात तिसऱ्या क्रमांकावर गेले आणि त्याच रात्री त्यांनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं. ती मतं गेली कुठं? बरीचशी लिबरलांकडे. लिबरलांना जवळजवळ 44 टक्के आणि 169 जागा मिळाल्या. बहुमताला 172 हव्यात. क्युबेक या फ्रेंचभाषक प्रांतातला फुटीरतावादी पक्ष ब्लॉक क्युबेक्वासुद्धा 22वर आला, तिथलीही मतं त्याच वाटेनं गेली.

एक गोष्ट इथं प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाहीतर माझी मांडणी फारच गुळगुळीत होईल. डावीकडची सगळीच मतं लिबरलांकडे गेली नाहीत. विंडसर हे डेट्रॉइटच्या समोर, नदीच्या या तीरावर असलेलं मोटारींच्या कारखान्यांचं गाव. तिथला विंडसर वेस्ट मतदारसंघ वर्षानुवर्षं न्यू डेमोक्रॅटांचा. तो कॉन्झर्व्हेटिव्हांनी घेतला. लंडन-फॅनशॉ, म्हणजे ऑन्टारियोतलं लंडन, तोही घेतला. ब्रॅम्प्टन वेस्टमध्ये तर लिबरल मंत्री पडल्या. कारखान्यातला कामगार आणि घराचे हप्ते फेडताना मेटाकुटीला आलेलं तरुण जोडपं, हे पॉलिएव्ह यांनी खरोखर आपल्याकडे ओढले. हे काम त्यांच्याआधीच्या दोन नेत्यांना जमलं नव्हतं. पण एका हातानं मिळवलेलं दुसऱ्या हातानं गेलं.

आधीच्या दोन नेत्यांचं काय झालं तेही पाहा. 2019 साली अँड्र्यू शीयर, 2021 साली एरिन ओ'टूल. दोन्ही वेळा कॉन्झर्व्हेटिव्हांना देशभरात लिबरलांपेक्षा जास्त मतं मिळाली, आणि दोन्ही वेळा जागा कमी. कारण मतं साठलेली असतात पश्चिमेकडच्या अल्बर्टा प्रांतात. 2025 सालीही अल्बर्टातल्या 37 पैकी 34 जागा त्यांच्याच. एकेका मतदारसंघात सत्तर-ऐंशी टक्के मतं. पिकलं भरपूर, पण सगळं एकाच शेतात. टोरोंटोच्या भोवती दोन टक्के कमी पडले की अल्बर्टातलं ते भरलेलं कोठार काही कामाचं नाही.

शीयर यांनी निवडणुकीनंतर दोन महिन्यांत राजीनामा दिला. ओ'टूल यांना त्यांच्याच खासदारांनी काढलं. हा प्रकार आपल्याला जरा नवलाचा वाटेल, म्हणून थोडा थांबतो. कॅनडात 'रिफॉर्म ॲक्ट' नावाचा एक कायदा आहे, मायकेल चाँग नावाच्या कॉन्झर्व्हेटिव्ह खासदारानंच आणलेला. प्रत्येक निवडणुकीनंतर प्रत्येक पक्षाच्या खासदारांनी ठरवायचं, नेत्याला काढायचा अधिकार आपण स्वतःकडे ठेवायचा की नाही. ठेवला, तर वीस टक्के खासदारांच्या सह्या झाल्या की गुप्त मतदान. फेब्रुवारी 2022मध्ये ते झालं. ओ'टूल यांच्या बाजूनं 45, विरोधात 73. दुपारपर्यंत ते माजी नेते झाले होते. आपल्याकडे हायकमांडच्या विरोधात वीस टक्के सह्या जमवायला निघालेल्या माणसाचं काय होईल, हे मी सांगायला नको.

म्हणजे कॅनडातल्या विरोधी पक्षनेत्याला तीन वेगवेगळ्या परीक्षा आहेत आणि तिन्हींचे परीक्षक वेगळे. त्याला निवडतात पक्षाचे सदस्य. वर्गणी भरलेले, पोटतिडकीचे लोक. 2022 साली अशा चार लाखांहून जास्त सदस्यांनी मतदान केलं आणि पहिल्याच फेरीत पॉलिएव्ह यांना 68 टक्के मिळाले. क्युबेकचे माजी मुख्यमंत्री ज्याँ शारे फार मागे पडले. त्याला काढू शकतात खासदार. आणि पंतप्रधान करतो तो मतदार, ज्याला राजकारणात फारसा रसच नाही, जो निवडणुकीच्या आधी तीन आठवडे टीव्ही बघतो. पोटतिडकीच्या लोकांना जे भाषण आवडतं, ते या शेवटच्या माणसाला कर्कश वाटतं. ओ'टूल यांनी सदस्यांपुढे एक सूर लावला आणि मतदारांपुढे दुसरा. दोन्हीकडून बोलणी खाल्ली. पॉलिएव्ह यांनी सूर बदललाच नाही. त्याचीही किंमत मोजली.

सूर म्हणजे काय, तर घोषणा. कर रद्द करा, घरं बांधा, बजेट सुधारा, गुन्हेगारी थांबवा. मूळ इंग्रजीत तीन-तीन शब्दांच्या, ठेक्यातल्या. कर म्हणजे कार्बन कर आणि सगळ्याचा रोख एकाच चेहऱ्यावर, तेव्हाचे लिबरल पंतप्रधान जस्टिन ट्रूडो. दोन वर्षं हे चाललं आणि भलतं चाललं. मग 6 जानेवारी 2025ला ट्रूडो यांनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं. 9 मार्चला लिबरलांनी मार्क कार्नी यांना निवडलं. आधी कॅनडाच्या, मग इंग्लंडच्या मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर राहिलेले; कधी नगरसेवकाची निवडणूकसुद्धा न लढलेले. पंतप्रधानपदाची शपथ घेतली त्याच दिवशी त्यांनी सामान्य ग्राहकांवरचा कार्बन कर शून्यावर आणला. चेहरा गेला आणि करही गेला. त्यात अमेरिकेतून डोनाल्ड ट्रम्प रोज म्हणत होते की कॅनडा आमचं एक्कावन्नावं राज्य व्हावं. मतदाराला एकदम घरातला खमक्या, हिशेबी वडीलधारा हवासा वाटला. पॉलिएव्ह यांच्या समर्थकांत ट्रम्प आवडणारेही होते, त्यामुळे त्यांचं उत्तर उशिरा आलं आणि जरा अडखळत आलं. ऑन्टारियोचे कॉन्झर्व्हेटिव्ह मुख्यमंत्री डग फोर्ड यांच्या प्रचारप्रमुखानं तर प्रचार चालू असतानाच पॉलिएव्ह यांच्या मोहिमेवर उघड टीका केली. तिथं प्रांतातला पक्ष आणि केंद्रातला पक्ष नाव एक असलं तरी चुली वेगळ्या.

कार्लटनबद्दल मला जे वाटतं ते असं. ओटावा हे सरकारी नोकरांचं गाव. 2022च्या हिवाळ्यात कोविडच्या निर्बंधांविरुद्ध ट्रकवाल्यांनी तिथं ठाण मांडलं, तीन आठवडे रात्रंदिवस भोंगे. पॉलिएव्ह यांनी त्यांना उघड पाठिंबा दिला. मॅनोटिकच्या त्या बाई म्हणतात, "मला त्यांचा कर-बिर सगळा पटत होता हो. पण ते भोंगे नाही विसरता आले." त्यात सरकारी नोकऱ्या कमी करायची भाषा. बाकी मतदारसंघांत जे भाषण चाललं, ते स्वतःच्या गल्लीत महागात पडलं.

आता थोडं विषयांतर, पण मजेदार. विरोधी पक्षनेत्याला ओटावात सरकारी घर मिळतं, स्टॉर्नोवे नावाचं. दुसऱ्या महायुद्धात हॉलंडच्या राजकन्या युलियाना तिथं राहिल्या होत्या. पंतप्रधानांचं अधिकृत घर इतकं मोडकळीला आलंय की ते बंदच ठेवलंय, त्यामुळे गेली काही वर्षं विरोधी पक्षनेत्याचं घर पंतप्रधानांच्या घरापेक्षा बरं! रिफॉर्म पक्षाच्या प्रेस्टन मॅनिंग नावाच्या नेत्यानं एकदा म्हटलं होतं, तिथं बिंगोचा अड्डा काढावा. 1997 साली तेच विरोधी पक्षनेते झाले आणि निमूटपणे राहायला गेले. 1993 साली तर देश फोडायला निघालेला ब्लॉक क्युबेक्वा 54 जागा घेऊन 'राणीचा निष्ठावान विरोधी पक्ष' झाला. रिफॉर्म पक्षापेक्षा दोन जागांनी पुढे, म्हणून झाला. विरोधी पक्षनेतेपदासाठी दहा टक्के जागा हव्यात, ही आपल्याकडची अट तिथं कुणी काढली नाही. विरोधी पक्षनेत्याला कायद्यानं पगार देणारा कॅनडा पहिला देश, 1905 साली. आपल्याकडे तो कायदा 1977चा, आणि तो झाला तेव्हा त्या खुर्चीत यशवंतराव चव्हाण होते. असो.

पॉलिएव्ह पडले, मग पुढे? अल्बर्टातल्या बॅटल रिव्हर-क्रोफुट या हक्काच्या मतदारसंघातले खासदार डेमियन क्युरेक यांनी जागा मोकळी केली. तेही लगेच करता येत नाही. निकाल राजपत्रात आल्यावर तीस दिवस थांबावं लागतं. तोवर सभागृहात विरोधी बाकाचं काम शीयर यांनी सांभाळलं. ऑगस्टमधल्या पोटनिवडणुकीत निषेधवाल्यांनी पुन्हा उमेदवार उभे केले, या वेळी 214. निवडणूक आयोगानं कागदच बदलला. नावं छापलीच नाहीत, एक रिकामी ओळ ठेवली आणि सांगितलं, ज्याला मत द्यायचं त्याचं नाव लिहा. ऐंशी टक्के लोकांनी पॉलिएव्ह लिहिलं. त्या आडनावाचं स्पेलिंग किती जणांनी बरोबर लिहिलं असेल, हा माझा खासगी कुतूहलाचा विषय आहे. आयोगानं स्पेलिंगच्या चुका माफ केल्या होत्या.

पण संसदेत परतल्यावर घर गळायला लागलं. नोव्हेंबरमध्ये नोव्हा स्कोशियाचे क्रिस दान्त्रेमाँ आणि डिसेंबरमध्ये टोरोंटोजवळच्या मार्कहॅमचे मायकेल मा, असे दोन खासदार उठून लिबरल बाकावर जाऊन बसले. तिथं पक्षांतरबंदी कायदा नाही. राजीनामा नाही, अपात्रता नाही, फक्त खुर्ची बदलायची. 169चे 171 झाले, बहुमत एका जागेवर आलं.

आणि आता गेल्या आठवड्यात, 30 जानेवारीला, कॅल्गरीतल्या अधिवेशनात पॉलिएव्ह यांच्या नेतृत्वावर प्रतिनिधींनी मतदान केलं. 87.4 टक्के बाजूनं. 1983 साली तेव्हाचे पक्षनेते जो क्लार्क यांना अशाच मतदानात 66.9 टक्के मिळाले होते. ते म्हणाले, एवढे पुरेसे नाहीत, आणि स्वतःच नेतेपदाची निवडणूक लावून मलरूनींकडून हरले. त्या मानानं पॉलिएव्ह यांची खुर्ची भक्कम आहे. खासदारांनी मात्र काढायचा अधिकार याही वेळी स्वतःकडेच ठेवलाय, हे विसरू नका.

सभा संपल्यावर दरवेळी कुणीतरी विचारतं, मग पॉलिएव्ह पंतप्रधान होणार का? मी ज्योतिषी नाही. पण जो क्लार्क यांचं ते 66.9 टक्क्यांचं मतदान झालं ते गाव विनिपेग. येत्या 29 मार्चला त्याच विनिपेगमध्ये न्यू डेमोक्रॅट आपला नवा नेता जाहीर करतील. कॅल्गरीत काय झालं ते पॉलिएव्ह यांनी पाहिलंच आहे. त्या दिवशीही त्यांनी टीव्ही लावून बसावं.