डॉर्ड : कूळ नसलेला शब्द

(पडद्यावर: जाडजूड कोश, पानं उलटणारा हात.)

तीन हजारांहून जास्त पानं. उचलायचा तर दोन्ही हात लागतात. अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला तयार झालेल्या वेबस्टरच्या मोठ्या कोशाची ही दुसरी आवृत्ती, साल १९३४. शब्दावरून वाद पेटला की हा ग्रंथ उघडायचा, आणि त्यात असेल ते खरं.

पान ७७१. वर कांगारूच्या गोतावळ्यातला एक छोटा प्राणी, खाली सोनेरी रंगासाठीचा एक शब्द. या दोघांच्या मधे अंग चोरून बसलाय डॉर्ड. डी, ओ, आर, डी. नाम. विषय भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र. अर्थ: घनता. उच्चारसुद्धा दिलाय.

व्युत्पत्ती मात्र नाही.

पाच वर्षं ते कुणालाच खटकलं नाही. २८ फेब्रुवारी १९३९ रोजी कोशाच्याच कचेरीतल्या एका संपादकाची नजर तिथे अडली. लॅटिन नाही, ग्रीक नाही, जुनी फ्रेंच नाही. मग हा आला कुठून? जुने गठ्ठे उपसले, तेव्हा एक चिठ्ठी हाती लागली.

(पडद्यावर: चिठ्ठी, अगदी जवळून.)

तीन इंच बाय पाच इंच. तारीख ३१ जुलै १९३१. पाठवणारे रसायनशास्त्राचे संपादक ऑस्टिन पॅटरसन. टंकलेला मजकूर एवढाच: ‘डी ऑर डी, पुढे चालू, डेन्सिटी’. म्हणजे घनतेसाठी मोठा डी चालतो, छोटाही चालतो. तेवढी भर घाला.

आधीच्या आवृत्तीत संक्षेप शब्दांच्याच रांगेत बसायचे. या वेळी त्यांचा विभाग वेगळा काढला होता. चिठ्ठी जायची होती तिकडे, गेली शब्दांच्या गठ्ठ्यात. आणि तिथली पद्धत अशी, की मुख्य शब्द टंकताना अक्षरा-अक्षरात मोकळी जागा सोडायची. त्या नजरेला ‘डी ऑर डी’ हा सुटा सुटा लिहिलेला एकच शब्द वाटला. डॉर्ड.

आपल्याकडे ‘ध’चा ‘मा’ म्हटलं की आनंदीबाई आठवतात, शनिवारवाडा आठवतो. इथे कटबिट काही नव्हता. अक्षरसुद्धा बदललं नाही, दोन मोकळ्या जागा तेवढ्या गिळल्या गेल्या. मला खरं हसू येतं ते उच्चार देणाऱ्याचं. जो शब्द तोवर कुणाच्या तोंडून निघालाच नव्हता, त्याचा उच्चार या गृहस्थानं बिनदिक्कत ठरवून टाकला!

अशा शब्दांना इंग्रजीत भूतशब्द म्हणतात. हे नाव १८८६ साली भाषापंडित वॉल्टर स्कीट यांनी दिलं. त्यांचं एक उदाहरण तर थेट हिंदुस्थानाबद्दलचं. १८०८ च्या एका इंग्रजी नियतकालिकात छापलं होतं, की हिंदू लोक हातांतून ‘काइम्स’ आरपार घालतात. हे काइम्स म्हणजे कुठलं भयंकर हत्यार? काही नाही. ‘नाइव्ज’, म्हणजे सुऱ्या. छापखान्यात अक्षरं चुकली आणि एक नवं शस्त्र जन्माला आलं.

(पडद्यावर: छपाईची धातूची पाटी.)

डॉर्डला काढायचं ठरलं, पण शब्द धातूच्या पाटीवर चढलेला. तो काढला की तिथे भोक पडणार. म्हणून जवळच्याच एका नोंदीची व्याख्या थोडी ताणली. ती नोंद डोरे नावाच्या भट्टीची होती, सोन्या-चांदीचा मिश्र धातू शुद्ध करणाऱ्या. अर्थ तोच, शब्द थोडे जास्त. जागा भरली. पॅटरसनांची घनताही अखेर संक्षेपांच्या यादीत जाऊन बसली.

ही सगळी हकिगत १९५४ साली फिलिप गोव्ह यांनी लिहून काढली. कोशाची तिसरी आवृत्ती पुढे त्यांच्याच संपादनाखाली निघाली. शब्द गेल्याची त्यांना जराशी हळहळच वाटत होती. डॉर्डचा अर्थ घनता असायला हरकत काय होती, असं त्यांचं म्हणणं.

(पडद्यावर: पान ७७१. कॅमेरा त्या ओळीवर थांबतो.)